परक्या शहरातली खोली : लंडनचा भाडेकरू, १९०५ ते १९६८

आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांच्या घरातला आहे. मुलगी शिकायला लंडनला निघते. प्रवेश होतो, व्हिसा होतो, तिकीट होतं, आणि मग प्रश्न उरतो की राहायचं कुठे? जागा सुरक्षित हवी, परवडायला हवी आणि फार लांबही नको. या तिन्ही गोष्टी एका जागी मिळत नाहीत, असं आपण वैतागून म्हणतो. आज मला एवढंच दाखवायचंय की हा त्रास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्यातून वाट काढायचे लोकांनी तीन मार्ग शोधले. आपल्या माणसांचं वसतिगृह, आपल्या माणसांचा पैसा, आणि कायदा.

पहिला मार्ग बघू. १ जुलै १९०५ रोजी उत्तर लंडनमध्ये हायगेटला, ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू या पत्त्यावर इंडिया हाउस उघडलं. श्यामजी कृष्णवर्मांनी ते घर घेतलं होतं. सुमारे पंचवीस विद्यार्थ्यांची सोय होती. आपण इंडिया हाउस म्हटलं की क्रांतिकारकांचा अड्डा एवढंच आठवतो. १९०६ मध्ये सावरकर तिथे राहायला गेले, हेही आठवतं. पण मुळात ते विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं. नवख्या मुलाला जिथे कुणी रंगावरून दार लावणार नाही अशी जागा. एका छपराखाली जेवणं, वर्तमानपत्रं आणि वाद सुरू झाले, की राजकारण आपोआप येतं. १९०९ मध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीची हत्या केली आणि त्यानंतर हे घर फार टिकलं नाही.

सरकारलाही हे कळत होतं. विद्यार्थी राहतो कुठे, यावर तो कुणाचं ऐकतो हे ठरतं. म्हणून १९१० च्या सुमारास २१ क्रॉमवेल रोडला, साउथ केन्सिंग्टन भागात, नव्याने येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी तात्पुरती राहायची सोय झाली. पत्त्यातलं ‘क्रॉमवेल’ तेच, हेतू अगदी उलटा! अनेक विद्यार्थ्यांना वाटायचं की इथे खोलीबरोबर पाळतही मिळते. मग १९२० मध्ये वायएमसीएचं भारतीय विद्यार्थी वसतिगृह सुरू झालं. आज ते फिट्झरॉय स्क्वेअरला आहे, १९५० च्या दशकातल्या इमारतीत. आपल्याकडचे किती विद्यार्थी पहिल्या रात्री तिथे उतरले असतील याची गणती नाही.

ज्यांना वसतिगृह मिळत नसे ते घरमालकिणीकडे राहत. एक खोली, सकाळचा नाश्ता, आणि गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकलं तरच ऊब. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये १० किंग हेन्रीज रोडला राहत होते. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, रात्री खोलीत, आणि पोटाला चिमटा. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे.

पण इथे थोडं थांबा. त्याआधी १९१७ मध्ये हेच आंबेडकर न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याला नोकरीला आले होते. संस्थानच्या नोकरीत असूनही त्यांना गावात खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. जागा सोडावी लागली. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. परक्या शहरात ज्याला खोली मिळाली, त्याला स्वतःच्या देशात मिळाली नाही. लंडनच्या घरमालकांवर बोलताना हे विसरून चालणार नाही.

आता कायद्याकडे येऊ. १९१५ मध्ये, महायुद्धाच्या ऐन काळात, ग्लासगोमध्ये घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष आघाडीवर किंवा कारखान्यात. मेरी बार्बर आणि शेजारपाजारच्या बायकांनी भाडं द्यायचं थांबवलं. जप्तीवाला आला की घंटा वाजवायची, सगळ्यांनी जिना अडवायचा. वर्षअखेरीस ब्रिटिश संसदेने कायदा करून भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली. मुंबईत १९१८ मध्ये असाच युद्धकाळातला कायदा आला. म्हणजे आपल्या चाळींच्या भाड्याचा एक धागा ग्लासगोच्या जिन्यापर्यंत जातो.

दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये प्रचंड घरं पडली. त्यातच २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरून लोक घेऊन टिलबरीला लागलं. कागदावर हे सगळे ब्रिटिश प्रजाजन. पण दोनशेहून जास्त जणांना राहायला जागाच नव्हती. त्यांना क्लॅपहॅम साउथच्या जमिनीखालच्या हवाई हल्ल्यांच्या निवाऱ्यात ठेवलं. काम मिळवून देणारं सरकारी कार्यालय जवळ ब्रिक्स्टनला होतं, म्हणून माणसं ब्रिक्स्टनला स्थिरावली. शहराचा नकाशा असा तयार होतो. खोल्यांच्या खिडकीत ‘कलर्ड लोक नकोत’ अशा पाट्या लागायच्या, आणि त्या बेकायदा नव्हत्या.

मग आला १९५७ चा भाडे कायदा. लंडनमध्ये चाळीस पौंडांपेक्षा जास्त करयोग्य मूल्याची घरं नियंत्रणातून सुटली. त्याखालच्या घरांना एक अट होती: जुना भाडेकरू आहे तोवर संरक्षण, तो गेला की भाडं मोकळं. आता तुम्हीच सांगा, घरमालकाला काय हवं असणार? जुना भाडेकरू जायला हवा. नॉटिंग हिलमधला पीटर रॅकमन याच खेळासाठी बदनाम झाला. धाकदपटशा करून जुने भाडेकरू काढायचे, खोल्यांचे तुकडे करायचे आणि ज्यांना दुसरीकडे कुणी दार उघडत नव्हतं त्या कॅरिबियन लोकांना भरमसाठ भाड्याने द्यायचे. त्याचे काही भाडेकरू मात्र म्हणत, निदान त्याने जागा तरी दिली! ज्याच्यापुढे एकच दार असतं, त्याला भाड्याची घासाघीस करता येत नाही. शोषण नेमकं तिथेच होतं.

यावर लोकांनी काढलेला उपाय आपल्या ओळखीचा आहे. कॅरिबियन लोक त्याला ‘पार्डनर’ म्हणत, आपण भिशी म्हणतो. दर आठवड्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची, पाळीपाळीने एकाला सगळी मिळायची. बँक कर्ज देत नव्हती, तेव्हा अशा पैशांतून घराची पहिली रक्कम उभी राहिली. पंजाबी, गुजराती कुटुंबांनीही पैसे एकत्र करून घरं घेतली आणि नव्याने येणाऱ्यांना खोल्या दिल्या. त्यात दाटी होती, पण दारावर पाटी नव्हती.

रॅकमन १९६२ मध्ये वारला. पुढच्या वर्षी प्रोफ्युमो प्रकरणात त्याचं नाव आलं तेव्हा कुठे सरकारला जाग आली. मिलनर हॉलंड समितीने लंडनच्या घरांचा अहवाल दिला, १९६५ च्या कायद्याने भाडेकरूला पुन्हा संरक्षण आणि ‘वाजवी भाडं’ दिलं. १९६७ मध्ये एका पाहणीत एकाच खोलीसाठी इंग्रज, हंगेरियन आणि कृष्णवर्णीय किंवा आशियाई उमेदवार पाठवून बघितलं. अडचण परकेपणाची नव्हे, रंगाची आहे, हे त्यातून उघड झालं. १९६८ च्या वंशसंबंध कायद्याने घर भाड्याने देतानाचा भेदभाव बेकायदा ठरवला. तरी घरमालक स्वतः राहतो अशा छोट्या घरांना सूट ठेवलीच.

पुढे १९८८ च्या कायद्याने भाडी पुन्हा बाजारावर सोडली. २००७ पासून डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत ठेवणं बंधनकारक झालं. २०१६ पासून संपूर्ण इंग्लंडमध्ये घरमालकाला भाडेकरूची कागदपत्रं तपासावी लागतात. हे सगळं पोरांना सांगा. खोली कुणीतरी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका, डिपॉझिट कुठल्या योजनेत ठेवलं ते लेखी मागा, आणि पहिले काही आठवडे वसतिगृहात किंवा ओळखीत काढा. १९१० चा विद्यार्थीही तेच करत होता.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. आपल्या सोसायटीत रिकामी खोली असेल, कुणी विचारायला आलं, तर आपण आधी भाडं सांगतो की आडनाव विचारतो? प्रश्न सोपा आहे. उत्तर घरी जाऊन द्या.