जखमेतली अळी

आजचा विषय जरा किळसवाणा आहे, म्हणून जेवण उरकूनच ऐका.

भांडणात आपल्याकडे एक शिवी हमखास निघते, "किडे पडून मरशील." यापेक्षा वाईट मरण आपल्याला सुचत नाही. मंगरूळपीरच्या आसपास ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांना हे किडे ओळखीचे आहेत. जू घासून खांदा सोलवटतो, पावसाळ्यात त्यावर माशी बसते आणि दोन दिवसांत जखम वळवळायला लागते. मग आपण सीताफळाचा पाला वाटून त्यात भरतो. माझी आजी तर नाकाला पदर लावूनच भरायची.

माशी बसते म्हणून किडे होतात, हे सुश्रुतसंहितेतही लिहिलेलं आहे. जखमेवर मांसाचा तुकडा ठेवून किडे त्यावर ओढून काढायचे, असा उपायही तिथे सांगितला आहे.

माणसाच्या जखमेत किडे पडले की आपण लांब पळतो. बाबा आमटेसुद्धा पळाले होते. वरोऱ्यात पावसात पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. महारोगाने झडलेलं शरीर आणि त्यात किडे. बाबा घाबरून घरी गेले, पण त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली आणि ते परत आले. पुढे 1949 मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती काढली. या रोगात हातपाय बधिर होतात. काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. जखम उघडी राहते आणि माशीला आयती जागा मिळते.

त्याआधीच, पहिल्या महायुद्धात, विल्यम बेअर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने हेच किडे पाहिले होते. 1917 साली फ्रान्समध्ये त्यांच्यापुढे दोन शिपाई आणले गेले. मांडीचं हाड मोडलेलं, पोटालाही जखमा आणि सात दिवस रानात अन्नपाण्याविना पडलेले. अशा मोडलेल्या मांडीचे दहातले सात-आठ जण तेव्हा दवाखान्यातही दगावत. या दोघांना तापसुद्धा नव्हता. जखमा अळ्यांनी भरलेल्या होत्या. अळ्या धुऊन काढल्या तर खाली ताजं गुलाबी मांस दिसलं!

बेअर हे विसरले नाहीत. 1928 मध्ये बाल्टिमोरला हाड सडलेल्या चार मुलांच्या जखमांत त्यांनी मुद्दाम अळ्या सोडल्या. जखमा भरल्या. पुढे मात्र काही रोग्यांना धनुर्वात झाला. अळ्या घाणीतल्या होत्या ना! तेव्हापासून माशीची अंडी औषधाने निर्जंतुक करून अळ्या दवाखान्यातच वाढवायला लागले. मला विचाराल तर खरा शोध हाच.

ही माशी म्हणजे चकचकीत हिरवी माशी. तिच्या अळीला दात नसतात. ती लाळ सोडते, सडलेलं मांस विरघळतं आणि मग ती ते शोषून घेते. जिवंत मांसाला सहसा हात लावत नाही. पाठोपाठ पेनिसिलिन आलं. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला 1954 मध्ये त्यासाठी सरकारी कारखाना निघाला. इंजेक्शन मिळायला लागल्यावर अळ्यांना कोण विचारतं?

पण जंतू औषधांना दाद देईनासे झाले. शुगरवाल्यांचे पाय कापायची वेळ येऊ लागली, तेव्हा डॉक्टर पुन्हा अळीकडे वळले. 2004 मध्ये अमेरिकेच्या सरकारने या उपचाराला परवानगी दिली. 2010 मध्ये चेक देशातल्या शास्त्रज्ञांनी अळीच्या अंगातला जंतू मारणारा पदार्थ वेगळा काढून दाखवला. त्याला ल्युसिफेन्सिन म्हणतात. काही जातींच्या जंतूंवर तो चालतो, सगळ्यांवर नाही.

आता हे ऐकून कुणी घरच्या माशीचा प्रयोग करू नका. आपल्याकडे दुसरी एक माशी आहे, तिची अळी जिवंत मांस पोखरत आत जाते. दिसायला दोन्ही अळ्या सारख्याच. जखमेत किडे दिसले तर रॉकेल, फिनेल ओतू नका. स्वच्छ कापडाने झाकून माणसाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. घरात शुगरवालं किंवा पाय बधिर झालेलं कुणी असेल तर रोज रात्री दिव्याजवळ बसवून तळपाय बघा, बोटांच्या बेचक्यांतही. त्यांना स्वतःला दुखत नाही, म्हणून ते सांगणार नाहीत.