कर्णधार सॅम कर

स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहावयाचा म्हटला की आपली लेखणी सहसा एखाद्या समाजसेविकेकडे, लेखिकेकडे किंवा फार तर डॉक्टरीणबाईंकडे वळते. ते योग्यच आहे. परंतु या खेपेस मी एका खेळाडू मुलीविषयी लिहावयाचे ठरविले आहे, आणि तीही परदेशची. ऑस्ट्रेलियाच्या महिला फुटबॉल संघाचे कर्णधारपद २०१९ साली जिच्याकडे आले, ती समँथा कर. लोक तिला सॅम कर म्हणतात. आपल्या भाषेत कर म्हणजे हात, आणि ज्या खेळात चेंडूला हात लावणे हाच गुन्हा, त्या खेळात या करांनी नाव काढावे, याची मला गंमत वाटते.

भगिनींपैकी पुष्कळजणींना फुटबॉलमध्ये गोडी नसेल. त्यांनी खेळाचे आकडे खुशाल विसरावेत. पण पोर वयात येऊ लागली की तिला अंगणातून घरात बोलावून घ्यावयाचे, ही रीत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. सॅमची कथा नेमकी तेथूनच सुरू होते.

तिचा जन्म १० सप्टेंबर १९९३ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील ईस्ट फ्रीमँटल या गावी झाला. तिचे वडील रॉजर कर हे मूळचे कलकत्त्याचे अँग्लो-इंडियन. आजोबा मुष्टियुद्ध खेळत आणि आजी बास्केटबॉल. पुढे ते कुटुंब ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. तेथे वडिलांनी आणि नंतर सॅमचा थोरला भाऊ डॅनियल याने ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये नाव मिळविले. हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून अगदी निराळा. त्याचा चेंडू लांबट, संघात अठरा खेळाडू, चेंडू हातात घेऊन धावण्याची मुभा, आणि अंगावर येणारे धक्के तर विचारूच नका. घरातील रिवाजाप्रमाणे सॅमही मुलांच्या बरोबरीने हाच खेळ खेळू लागली.

ती बारा वर्षांची झाली आणि हा खेळ संपला. त्या वयानंतर मुलींनी मुलांच्या संघात खेळावयाचे नाही असा दंडक होता, आणि मुलींचे स्वतंत्र संघ म्हणावेत तसे नव्हते. मोठी होत चाललेल्या मुलांशी टक्कर घेऊन पोर खरचटून, सुजून घरी येते, याची घरच्यांनाही काळजी होतीच. तेव्हा नाइलाजाने ती गोल चेंडूच्या फुटबॉलकडे वळली. ज्या खेळाने तिला दूर केले त्या खेळात स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा २०१७ साली सुरू झाली. तोवर ही मुलगी दुसऱ्याच खेळात जगभर गाजत होती.

मात्र ज्या खेळाने तिला आश्रय दिला, त्याचा इतिहासही स्त्रियांच्या बाबतीत फार उदार नाही. त्यासाठी थोडे मागे जाऊन इंग्लंडात डोकवावे लागेल. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले आणि कारखान्यांत बायका कामाला आल्या. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळावयास आरंभ केला. प्रेस्टन येथील ‘डिक, कर’ या कारखान्याचा महिला संघ त्यांत सर्वांत नामांकित होता (आडनावाचा योगायोग पाहा, नाते मात्र काही नाही). २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या संघाचा सामना पाहण्यास ५३,००० माणसे लोटली होती. सामन्यांचा पैसा धर्मादाय कामांना जाई. एवढे सगळे सुरळीत चालले असता ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही, सबब संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. त्या ठरावात जमलेल्या पैशांच्या हिशेबाविषयीही शंका काढली होती. मला वाटते, खरे दुखणे त्या त्रेपन्न हजारांचे असावे. ही बंदी उठण्यास पुढे सुमारे पन्नास वर्षे लागली.

ऑस्ट्रेलियातही बायका मागे नव्हत्या. त्याच १९२१ सालच्या सप्टेंबरात ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर उत्तर ब्रिस्बेन आणि दक्षिण ब्रिस्बेन अशा दोन महिला संघांचा सामना झाला आणि सुमारे १०,००० लोक तो पाहावयास आले. (क्रिकेटच्या निमित्ताने गॅबाचे नाव आपल्या घरांतील पुरुषमंडळींच्या तोंडी नेहमी असते, ही हकिगत त्यांना अवश्य सांगावी.) पण नंतर तेथेही हा खेळ दीर्घकाळ मागे पडला. देशाच्या महिला संघाचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना व्हावयास १९७९ साल उजाडले. सिडनीत न्यूझीलंडविरुद्ध झालेल्या त्या सामन्यात ज्युली डोलन ही अठरा वर्षांची मुलगी कर्णधार होती. त्या पिढीतील मुली पदरमोड करून देशासाठी खेळल्या. १९९५ साली संघाला ‘मटिल्डाज’ हे नाव मिळाले, तरी तिजोरी रिकामीच राहिली. इतकी की १९९९ साली पैसा उभा करण्यासाठी या खेळाडूंनी स्वतःची विवस्त्र छायाचित्रे असलेली दिनदर्शिका काढली. हे वाचून भुवया उंचावणाऱ्या भगिनींना माझे एवढेच म्हणणे, की राष्ट्राच्या संघावर अशी पाळी यावी याचा दोष त्या मुलींकडे जात नाही.

अशा वारशात सॅम आली. २००८ साली, पंधराव्या वर्षी, ती पर्थ ग्लोरी या संघातून राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. फेब्रुवारी २००९ मध्ये कॅनबेरा येथे इटलीविरुद्ध देशासाठी पहिला सामना खेळली. २०१० च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाविरुद्ध ऑस्ट्रेलियाचा गोल तिचाच होता. सामना बरोबरीत सुटून पेनल्टींवर ऑस्ट्रेलियाने चषक जिंकला. त्या वेळी ती सोळा वर्षांची होती. त्यानंतर गुडघ्याची दुखापत, शस्त्रक्रिया, पुन्हा उभे राहणे, हा क्रम सुरू झाला. तो तिच्या पाठीमागून कधी गेलाच नाही.

एका ठिकाणच्या वेतनात स्त्री-खेळाडूचे भागत नसे. म्हणून ती वर्षातील काही महिने अमेरिकेत आणि उरलेले ऑस्ट्रेलियात खेळत राहिली. एक हंगाम संपला की विमानात बसावयाचे आणि दुसरा सुरू करावयाचा, विश्रांती नाही. २०१५ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाने ब्राझीलला हरविले. विश्वचषकाच्या बाद फेरीतील सामना जिंकण्याची कामगिरी त्या देशाच्या पुरुष संघालाही तोवर साधली नव्हती. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात याच संघाला संप करावा लागला! त्यांचे मूळ वेतन वर्षाला २१,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होते, आणि करार संपून वेतन थकले होते. मुलींनी अमेरिकेचा दौराच नाकारला. घरात दोन वेळा रांधणारीने एक दिवस चूल पेटविली नाही म्हणजे तिच्या कामाची किंमत कळते, तसेच हे झाले. त्यानंतर वेतन वाढले.

सॅमच्या खेळाला खरा बहर आला तो यानंतर. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत २०१७ साली १७, २०१८ साली १६ आणि २०१९ साली १८ गोल करून सलग तीन वर्षे ती सर्वाधिक गोल करणारी ठरली. गोल केल्यावर मैदानावर तिने मारलेली उलटी कोलांटउडी लहान मुलांना इतकी आवडली की पालकांना धास्ती वाटावी. तिचे बळ वेगात आहे, आणि चेंडू हवेत असता इतरांपेक्षा आधी आणि उंच उडी घेण्यात आहे. हे दुसरे कसब बहुधा तिच्या जुन्या, लांबट चेंडूच्या खेळाचे देणे असावे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तिला कर्णधार नेमण्यात आले. त्या वर्षीच्या फ्रान्समधील विश्वचषकात जमैकाविरुद्ध तिने एकटीने चार गोल केले आणि चारच दिवसांनी नॉर्वेविरुद्ध पेनल्टींची वेळ आली, तेव्हा पहिला फटका कर्णधार या नात्याने तिनेच घेतला. चेंडू गोलच्या वरून गेला. ऑस्ट्रेलियाचे आव्हान तेथे संपले. दुसरीला पुढे करून मागे उभे राहणे तिला अवघड नव्हते. तिने ते केले नाही, म्हणून मला हा चुकलेला फटका त्या चार गोलांपेक्षा मोलाचा वाटतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात एक करार झाला. राष्ट्रीय पुरुष संघ आणि महिला संघ यांना फुटबॉलच्या व्यापारी उत्पन्नातील सारखा वाटा, सारखी प्रवासव्यवस्था, सारख्या सोयी असे त्यात ठरले. तथापि विश्वचषकाच्या बक्षिसाची रक्कम जागतिक संघटना ठरविते आणि ती सारखी नव्हती. जुलै २०२३ मध्ये, स्पर्धा तोंडावर असताना, याच संघातील खेळाडूंनी एक चित्रफीत काढून सांगितले की त्याच कामगिरीबद्दल आपल्याला पुरुषांच्या बक्षिसाचा चौथा हिस्साच मिळावयाचा आहे.

२०१९ च्या अखेरीस सॅमने लंडनच्या चेल्सी क्लबशी करार केला. तेथे तिने लीगची अजिंक्यपदे मिळविली, दोन वेळा सर्वाधिक गोलांचा मान घेतला. पण मला सांगावयाचा आहे तो एकच सामना. इंग्लंडमधील महिलांच्या एफ.ए. चषकाचा लांबलेला अंतिम सामना वेम्बली मैदानावर ५ डिसेंबर २०२१ रोजी झाला. तारीख मुद्दाम निवडलेली होती. त्या बंदीच्या ठरावास त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे झाली होती. चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर चेल्सीने आर्सेनलला ३-० असे हरविले आणि त्यातील दोन गोल सॅमने केले. १९२१ साली ठराव लिहिणारे गृहस्थ प्रेक्षकांत असते तर त्यांनी काय केले असते, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. मे २०२३ मध्ये त्याच चषकाचा अंतिम सामना पाहण्यास ७७,३९० लोक आले. त्या सामन्यातील एकमेव गोलही सॅमचाच.

आता आपल्या दाराशी घडलेली गोष्ट. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे भरला होता. २१ जानेवारीस अंधेरीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० असे हरविले. सॅमने पाच गोल केले आणि टिम केहिल या पुरुष खेळाडूचा ५० गोलांचा राष्ट्रीय विक्रम मागे टाकला. स्त्री-पुरुष सर्व मिळून ऑस्ट्रेलियासाठी सर्वांत जास्त गोल कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या संध्याकाळी आपल्या अंधेरीत बदलले! कलकत्त्याच्या आजीची नात भारतात येऊन हे करून गेली आणि कोरोनाच्या दिवसांमुळे पाहावयास मैदानावर गर्दी नव्हती. त्याच स्पर्धेत आपल्या भारतीय मुलींची तर दैनाच झाली. संघातील अनेकींना कोरोनाची लागण झाल्याने २३ जानेवारीस त्यांना पुरेशा खेळाडू उतरविता आल्या नाहीत आणि यजमान असूनही स्पर्धेबाहेर पडावे लागले. ऑस्ट्रेलियाची मिजासही फार टिकली नाही. ३० जानेवारीस पुण्याच्या बालेवाडीत दक्षिण कोरियाने त्यांना १-० असे घरी पाठविले. तो गोल करणारी जी सो-युन ही चेल्सीत सॅमचीच सहकारी होती.

२०२३ चा विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या घरी झाला. सारा देश कर्णधाराच्या नावाने सजला होता, आणि पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिची पोटरी दुखावली. घरी लग्न असावे आणि ऐन मुहूर्तावर नवरीलाच ताप यावा, असा प्रकार. साखळीतील तिन्ही सामने तिने बाहेर बसून पाहिले. संघ तिच्यावाचून पुढे गेला. उपान्त्यपूर्व सामन्यात फ्रान्सविरुद्ध पुन्हा पेनल्टींची वेळ आली. या वेळी सॅमचा फटका चुकला नाही, आणि ऑस्ट्रेलियाने ७-६ अशी बाजी मारली. १६ ऑगस्टला सिडनीत, पंचाहत्तर हजारांहून अधिक लोकांपुढे, इंग्लंडविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात ६३ व्या मिनिटाला मध्यावरून चेंडू घेऊन धावत येऊन तिने सुमारे पंचवीस मीटरांवरून जो गोल केला, तो फुटबॉल न कळणाऱ्यांनीही एकदा पाहावा. सामना मात्र १-३ असा गेला, आणि अखेरच्या मिनिटांत बरोबरीची संधी तिच्या हातून हुकली.

चरित्र लिहावयाचे तर अप्रिय भागही सांगितला पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये लंडनमध्ये एका रात्री पोलिसांशी झालेल्या बाचाबाचीत तिने एका शिपायाला त्याच्या गोऱ्या वर्णाचा उल्लेख करून अपशब्द वापरले. त्यावरून तिच्यावर खटला झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष ठरविले, आणि तिनेही आपल्या बोलण्याबद्दल खेद व्यक्त केला. कायद्याने ती सुटली. पण कर्णधाराच्या तोंडी ते शब्द शोभले नाहीत, असे माझे मत आहे.

या खटल्याच्या सावटात तिचा खेळही बंद होता. जानेवारी २०२४ मध्ये मोरोक्कोत सराव करीत असता गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. त्यामुळे पॅरिसचे ऑलिंपिक हुकले, चेल्सीचे विजय तिने बाजूला बसून पाहिले. तिशी उलटलेल्या खेळाडूचा असा गुडघा म्हणजे बहुतेकांच्या लेखी शेवटच. १४ सप्टेंबर २०२५ रोजी ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्यात, ६३४ दिवसांनंतर, शेवटच्या काही मिनिटांसाठी तिला मैदानात पाठविण्यात आले. सामना संपता संपता चेंडू तिच्याकडे आला आणि तिने गोल केला.