कुत्र्याचा पट्टा आणि मुलांचा ताप

मुलाला ताप आलाय आणि डॉक्टर विचारतात, "घरात कुत्रा आहे का?" हा प्रश्न ऐकून गोंधळू नका. त्यामागे मोठा इतिहास आहे.

'रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर' हा आजार रिकेट्सिया जातीच्या जंतूमुळे होतो. तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो, हे हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात दाखवून दिलं. सुरुवातीला नुसता ताप आणि डोकेदुखी असते, अंगावर पुरळ नंतर उठतं. तोवर उपचार लांबले, तर रुग्ण दगावू शकतो.

ॲरिझोना राज्यात हा आजार क्वचितच दिसे. पण २००३ च्या सुमारास तिथल्या आदिवासी वस्त्यांत रुग्ण सापडू लागले. त्यांत लहान मुलं बरीच होती. हा आजार पसरवणाऱ्या नेहमीच्या गोचिडी मात्र तिथे आढळेनात! दोषी निघाली कुत्र्याच्या अंगावरची साधी तपकिरी गोचीड. आपल्याकडेही ती सर्रास दिसते.

असं का झालं? कुत्री मोकळी फिरत, त्यांची संख्या वाढत होती आणि जनावरांचा डॉक्टर जवळपास नव्हता. गोचिडी कुत्र्यांवरून अंगणात आणि तिथून मुलांच्या अंगावर येत. २०१२ पर्यंत २५० हून जास्त रुग्ण झाले आणि १९ जण दगावले.

मग २०१२ मध्ये एका वस्तीत सुमारे ६०० घरांपर्यंत मोहीम पोहोचली. कुत्र्यांच्या गळ्यात दीर्घकाळ टिकणारे गोचीडनाशक पट्टे बांधले, अंगणात फवारणी केली, नसबंदीची सोय केली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस तिथल्या १ टक्क्याहूनही कमी कुत्र्यांवर गोचिडी दिसल्या. मोहीम न झालेल्या वस्तीत हेच प्रमाण ६४ टक्के होतं.

म्हणजे कुत्र्यांवरचा उपचार हाच मुलांसाठी प्रतिबंधक उपाय ठरला. जिथे पशुवैद्य पोहोचत नाही, तिथे माणसांचा आजारही वाढतो.

महाराष्ट्रातही गोचिडीमुळे होणारा 'इंडियन टिक टायफस' आढळतो. म्हणून कुत्र्याच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत नियमित पाहा. गोचीड चिरडू नका, चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. त्यानंतर घरात कुणाला ताप आला, तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिन हे औषध वेळेवर सुरू झालं, तर जीव वाचतो. मात्र ते स्वतःच्या मनाने घेऊ नका.