रिच मिश्रण, इंजिनातील
पेट्रोल इंजिनात हवेच्या मानाने इंधन जास्त जाण्याचा दोष. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल लागते. १९९० च्या सुमारास बनलेल्या फोर्ड एफ-१५० सारख्या फ्युएल इंजेक्शनच्या पिकअप ट्रकमध्ये काळा धूर, पेट्रोलचा वास, घटलेले मायलेज आणि स्पार्क प्लगवरची कोरडी काजळी ही त्याची लक्षणे होत. तपासणी एअर फिल्टरपासून सुरू करावी. इंधनाच्या प्रेशर रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोल आढळल्यास रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटलेला असतो. कूलंटचा तापमान सेन्सर बिघडल्यास इंजिनाचा संगणक इंजिन थंडच आहे असे समजून इंधन वाढवतो. ऑक्सिजन सेन्सरचा संकेत सतत ०.४५ व्होल्टच्या वर राहिल्यास मिश्रण बहुधा रिच असते. दुर्लक्ष केल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतितापून निकामी होतो.