पाळणा, पारणुं आणि नेवाशाचा हल्लरू



पर्युषणाच्या पाचव्या दिवशी सुरतेहून फोन आला, आमच्या जाऊबाईंच्या माहेरचा. फोन स्पीकरवर होता. पलीकडून आवाज आला, "आ वखते पारणुं अमारे घेर आव्युं छे!" सासूबाई शेजारीच माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचा चेहराच उतरला. "संवत्सरीच्या आधीच पारणं? अठाई मध्येच सोडली की काय कोणी? तब्येत बरी आहे ना?"

जाऊबाई हसत सुटल्या. तिकडे कोणाचाच उपवास सुटला नव्हता. महावीर जन्मवाचनाच्या पाळण्याची बोली त्यांच्या भावानं घेतली होती आणि देरासरातून पाळणा वाजतगाजत घरी आला होता. रात्रभर भक्ती होती.

आमचं घर स्थानकवासी. पर्युषणात आमच्याकडे अंतगड सूत्र वाचतात. मूर्ती नाही, त्यामुळे स्वप्नं उतरवणं नाही आणि पाळण्याची बोलीही नाही. म्हणून नगरमध्ये 'पारणं' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे मुगाचं पाणी आणि राबच येते. वर्षीतपाचं म्हणाल तर उसाचा रस. भगवान ऋषभदेवांना हस्तिनापुरात श्रेयांसकुमारानं इक्षुरस दिला, ती अक्षय्यतृतीया. (आपल्या जिल्ह्यात उसाच्या रसाला काय तोटा!)

पण शब्द माझ्या डोक्यातून जाईना. एकाच नात्यागोत्यात, एकाच पर्वात, दोन घरांत दोन अर्थ कसे?

उपवासाचा शब्द सोपा आहे. पार नेणं, तडीस नेणं, त्यावरून पारणं. मराठीनं तो धर्माबाहेरही नेला. लेकीला वधूवेशात पाहून 'डोळ्यांचं पारणं फिटलं' म्हणतो, तेव्हा डोळेच इतके दिवस उपाशी होते असं आपण म्हणत असतो. पाळण्याचं मूळ मात्र 'पालन'. मराठीत पाळणा, हिंदीत पालना आणि गुजरातीत पारणुं. ल आणि र यांची अदलाबदल आपल्या भाषांना नवी नाही. त्यामुळे गुजरातीत दोन वेगळे शब्द जवळजवळ एकाच उच्चारावर येऊन बसले. पारणुं म्हणजे पाळणा आणि पारणां म्हणजे उपवास सोडणं. सुरतेच्या बायकांची त्यात कधीच गल्लत होत नाही. गल्लत आमची होते.

वस्तू तीच असली तरी शब्दाचा पसारा सारखा नाही, हे मला जाऊबाईंशी बोलताना कळलं. बारशाला आपण सहज म्हणतो, "काकू, पाळणा म्हणा." जाऊबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना प्रश्न पडला होता, की लाकडाची वस्तू म्हणायची कशी? त्यांच्याकडे बाळ झुलतं ते पारणुं आणि गातात ते हालरडुं. आपण मराठीत वस्तूचंच नाव गाण्याला दिलं. पुढे तर पाळणाघर आलं, जत्रेतला आकाशपाळणा आला, सरकारी भिंतींवर 'पाळणा लांबवा' आलं. घरात मूल जन्मलं की 'पाळणा हलला'. झोपाळ्याच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. तो दुपारी पान खात बसायचा तेवढाच राहिला.

इंग्रजीतही क्रेडल वेगळं आणि ललबाय वेगळं. शिवाय तिथे क्रेडल झुलतं आणि क्रिब जागचं हलत नाही, त्याला नुसते गज. परदेशातल्या भाचीनं बाळाच्या क्रिबचा फोटो पाठवला, तेव्हा सासूबाईंनी तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "दोरी कुठल्या बाजूला आहे?"

मग मराठीत गाण्याला स्वतंत्र नाव कधी नव्हतंच का? होतं! आणि ते आपल्याच जिल्ह्यात लिहिलेलं सापडतं. शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० ला, नेवाशात ज्ञानेश्वरी झाली. आजही तिथे ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असं मानतात, त्या पैस खांबाचं लोक दर्शन घेतात. ग्रंथाच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर गुरुकृपेला आई म्हणतात. ती साधकाला मांडीवर घेते, दूध पाजते, झोके देते आणि त्याच्यासाठी 'हल्लरू' गाते. हल्लरू म्हणजे बाळाला झोपवायचं गाणं. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक तसंच उघडं ठेवून जाऊबाईंना हाक मारली. हल्लरू आणि हालरडुं! आणि आमच्या मारवाडातून आलेल्या घरांत जुन्या बायका बाळाच्या जन्माला गातात तो हालरियो. तिन्हींत हालण्याचाच झोका ऐकू येतो. सात शतकांपूर्वी नेवाशाच्या मराठीत जो शब्द होता, तो आज माझ्या मराठी तोंडात नाही. माझ्या गुजराती जावेच्या तोंडात आहे. मला याची थोडी लाजही वाटली आणि गंमतही.

आपल्या धर्मातही बारसं काही कालपरवाचं नाही. कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी बाळाला चंद्र-सूर्य दाखवल्याचं, सहाव्या दिवशी जागरण केल्याचं आणि बाराव्या दिवशी ज्ञातिजनांना जेवू घालून 'वर्धमान' नाव ठेवल्याचं सांगितलं आहे. बारावा दिवस, पंगत, नाव. आपण अजून तेच करतो. पुढे दीपविजय कवींनी गुजरातीत महावीरांचं हालरडुं रचलं, ते देरासरांत आजही म्हणतात. मराठी पाळण्याची चाल निराळी. पहिल्या दिवशी अमुक, दुसऱ्या दिवशी तमुक, असा तो दिवस मोजत जातो. राम, कृष्ण, शिवाजी महाराज, महावीर, सगळ्यांचे पाळणे आहेत.

आणि सगळे मुलगेच आहेत.

हे मला माझ्या धाकटीच्या बारशाला लागलं. गल्लीतल्या बायका आल्या, कृष्णाचा पाळणा झाला, रामाचा झाला. मग एक मावशी हळूच म्हणाल्या, "मुलीचा पाळणा कोणाला येत नाही ना?" कोणालाच येत नव्हता. तिचं नाव कानात सांगितलं गेलं तेसुद्धा 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झाल्यावर. कोणी वाईट मनानं केलं नाही. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या आणि आपला जिल्हा त्याहूनही खाली होता, हे पुढे वाचलं तेव्हा मला ते बारसंच आठवलं. आता जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं आहे. १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेली मुलगी ती.

खरं तर आपल्याकडे पाळण्याला नाव शोधायला फार लांब जायला नको. आपण श्वेतांबर एकोणिसाव्या तीर्थंकर मल्लींना राजकन्या मानतो. मिथिलेचे राजा कुंभ, राणी प्रभावती, त्यांची लेक. (दिगंबर मैत्रिणी मल्लिनाथांना पुरुष मानतात, त्यांच्याशी माझा वाद नाही.) ज्ञाताधर्मकथेच्या आठव्या अध्ययनात त्यांची कथा आहे. सहा राजे लग्नाला टपून आले, तर मल्लींनी स्वतःसारखी पोकळ सोन्याची पुतळी करून तीत रोज अन्नाचा घास टाकला. झाकण काढल्यावर सुटलेल्या दुर्गंधीनंच त्या राजांना देहाचं खरं रूप कळलं. इतकी कथा हाताशी असताना आपण बारशाला गोपाळच घेतो.

कार्तिकात जाऊबाईंच्या नातीचं बारसं आहे. सासूबाईंनी मल्लींचा पाळणा जुळवायला घेतला आहे. जाऊबाई चाल हालरडुंची धरतात, सासूबाई हालरियोची, आणि शब्द माझे, मराठी. तिसऱ्या दिवसापर्यंत आलोय, चंद्र-सूर्य दाखवून झाले. सहाव्या दिवसाच्या जागरणाशी यमक जुळत नाही.

तुमच्या आजी-पणजीकडे मुलीचा हालरियो असेल, दोन ओळी का होईना, तर जरूर कळवा. बारसं पंधरा दिवसांवर आलं आहे.