पैसे नव्हते, म्हणून भीती खरी वाटली

२०१३चा ‘कोहेरन्स’ पाहिलाय का? आठ मित्रमैत्रिणी जेवायला जमतात, आकाशातून धूमकेतू जातो, लाइट जाते. बाहेर जाऊन बघतात, तर तसंच दुसरं घर, आणि आत हेच आठ जण!

दिग्दर्शक जेम्स वॉर्ड बर्किटकडे जेमतेम ५० हजार डॉलर होते. मग सेट कुठला? स्वतःचंच घर. शूटिंग ५ रात्रींत उरकलं. लिहिलेले संवादच नव्हते. कलाकाराला रोज फक्त स्वतःच्या पात्रापुरती चिठ्ठी मिळायची. समोरचा काय बोलणार, हे त्याला ठाऊकच नसायचं.

त्यामुळे त्यांचं दचकणं बरंचसं खरं आहे. भुताखेतांचा खर्चच नाही. ‘हा आपलाच मित्र ना?’ एवढी एक शंका पुरते.