केराची वाट: पूर्णगड परिसरातील घरगुती कचऱ्याचा इतिहास

रत्नागिरीच्या दक्षिणेस मुचकुंदी नदी समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तरेकडील टेकडीवर पूर्णगड हा आटोपशीर किल्ला उभा आहे. त्याची उभारणी कोणी केली याविषयी मतभेद असले तरी १८१८ मध्ये मराठी सत्ता संपली तेव्हा त्याचे लष्करी प्रयोजनही संपले आणि पायथ्याचे गाव मासेमारी, भातशेती, माडांची आगरे व खाडीतील किरकोळ वाहतूक यांच्या आधाराने पुढे नांदत राहिले, हे निर्विवाद आहे. अशा किनारी गावांच्या इतिहासात बुरुज, तोफा आणि तह यांची नोंद होते. पण त्या गावातील घरे रोजचा केर कुठे नेत होती आणि तो नेण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला येत होते, याची विचारपूस फारशी झालेली नाही. कचरा उचलणारी गाडी क्वचित आली किंवा आलीच नाही, तर आजचे घर जे करते त्याचा उगम या न लिहिलेल्या इतिहासात असल्यामुळे तो तपशिलाने पाहणे आवश्यक ठरते.

दक्षिण रत्नागिरीतील जुन्या घराची मांडणीच केराची वाट ठरवून देणारी होती. घरापुढे सारवलेले खळे, मागे परसू, परसवाच्या एका अंगाला गोठा आणि गोठ्यालगत गायरी, म्हणजे शेण, गुरांच्या पायांखाली तुडवला गेलेला पातेरा (झाडांखाली गळून वाळलेला पाला) आणि घरातला केर साठवण्याचा खड्डा, अशी ही रचना असे. पहाटे खळे झाडून निघालेली माती व पाने, भाजीची देठे, फणसाची चारखंडे, केळीची साले आणि जेवणानंतरच्या पत्रावळी यांपैकी गुरांना चालेल ते गुरांपुढे जाई आणि उरलेले गायरीत पडे. वर्षभर थरावर थर चढून कुजलेले हे खत चैत्र-वैशाखात पाट्यांनी डोक्यावरून शेतात पोहोचवले जाई, कारण मृगाचा पाऊस लागल्यावर खड्ड्यात पाणी भरून खताचे सत्त्व वाहून जाण्याची भीती असे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आणि जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर असणाऱ्या या प्रदेशात जमीन दरसाल धुपून निघते. त्यामुळे घरातून निघालेला प्रत्येक कुजणारा पदार्थ मातीला परत देणे ही शेतीची गरज होती, आणि घराची स्वच्छता तिच्या ओघाने साधली जात होती.

चुलीची राख ही या व्यवस्थेतील दुसरी महत्त्वाची वस्तू होती. रोज चुलीतून निघणारी राख सोडणाच्या, म्हणजे नारळाच्या वरच्या तंतुमय सालीच्या, तुकड्याने भांडी घासण्यासाठी वापरली जाई. बियाण्याला कीड लागू नये म्हणून ती कडधान्यात मिसळली जाई, अळूच्या व वेलींच्या पानांवर भुरभुरली जाई आणि त्यातूनही उरली तर गायरीत टाकली जाई. भांड्यांचे खरकटे पाणी न्हाणीच्या पाण्याबरोबर केळी आणि अळूच्या आळ्यात सोडलेले असे. माडाच्या बाबतीत तर टाकाऊ म्हणावे असे काही शिल्लकच राहत नसे: चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, झाप विणून पावसाळ्यात भिंतींना आणि मांडवाला लावले जात, हीर काढून खराटे बांधले जात, करवंटीचे डाव होत, पोय (फुलोऱ्यावरचे आवरण) आणि पिडे (झावळीचे जाड देठ) सरपणात जात आणि सोडणे पाणचुलीत, म्हणजे आंघोळीचे पाणी तापवण्याच्या चुलीत, जळत. मासळीची आतडी, खवले आणि डोकी साठवून ठेवण्याजोगी नसल्यामुळे ती त्याच दिवशी माडाच्या किंवा केळीच्या बुंध्याशी मातीखाली पुरली जात. हंगामात तारलीसारखी मासळी खाऊन, विकून व वाळवूनही उरली, तर तीही माडांना खत म्हणून घातली जाई. किनाऱ्यावरच्या बायकांना कोणता केर तासाभरात हलवायचा, कोणता दिवसभर थांबेल आणि कोणता वर्षभर साठवायचा याचे पक्के भान होते, आणि ते भान हीच त्या काळातील वर्गीकरणाची पद्धत होती.

गायरीत न मावणाऱ्या पाल्याची वाट भाजावळीने लावली जाई. भाजावळ, म्हणजेच राब, ही भाताच्या रोपांसाठी निवडलेल्या जमिनीवर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्यांची कवळ, गवत आणि पातेरा यांचे थर रचून उन्हाळ्यात ते जाळण्याची पद्धत होय. एकोणिसाव्या शतकात वनखात्याची बंधने वाढू लागली तेव्हा फांद्या तोडण्यावरून कोकणात मोठा वाद उभा राहिला. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई इलाख्याच्या वन आयोगाला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकताना राबाच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले आणि भारतीय शेतीची पाहणी करणारे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात या पद्धतीची दखल घेतली. सरकारी दृष्टीला ही जंगलाची नासाडी दिसत होती आणि शेतकऱ्याला ती रोप जगवण्याची एकमेव खात्रीची रीत वाटत होती. या वादाचा निवाडा कसाही केला तरी येथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे: पाऊस येण्यापूर्वी आवारातील पाला गोळा करून जाळणे ही कोकणी घराची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती, ती शेतीशी जोडलेली होती, आणि पुढे पाल्याच्या ढिगात प्लास्टिक आले तेव्हाही ती सवय तशीच राहिली.

केराभोवती संकेतांचेही एक कुंपण होते. हिंदू घरांत दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकू नये, कारण त्याबरोबर लक्ष्मी जाते, असे मानले जाई. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या केरसुणीची पूजा होई आणि सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवले जाई. रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यात झाडलेल्या केराबरोबर एखादा मोलाचा जिन्नस बाहेर जाऊ नये, हा व्यवहारही या समजुतीमागे असावा.

ही सगळी व्यवस्था निर्दोष होती असे मात्र मुळीच म्हणता येणार नाही. केर गायरीपर्यंत आणि खत शेतापर्यंत पोहोचवण्याचे बहुतेक काम बायकांच्या डोक्यावर होते, आणि मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम गावगाड्याने महार समाजावर लादलेले होते. घराची स्वच्छता अशा रीतीने माणसांच्या अपमानावर उभी होती, आणि जुन्या खेड्याच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे गाताना ही बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९२७ मधील महाडच्या परिषदेत आणि त्यानंतरच्या चळवळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातच आहे, मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा आग्रह धरला, आणि त्या कामाला बांधून ठेवणारी महार वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. याच प्रश्नाला रत्नागिरीतून एका वेगळ्या दिशेनेही हात घातला गेला. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम स्वतः करू देण्याची मागणी केली, ती नाकारली गेल्यावर उपास आरंभला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी त्या डिसेंबरात महात्मा गांधींनीही येरवड्यात उपास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी मैल्यापासून खत करणाऱ्या साध्या संडासांचे आणि गोबर वायूचे प्रयोग केले. घाणीला हात लावण्याचे काम कोणत्याही एका जातीचे नाही आणि घाण ही योग्य जागी गेल्यास शेतीचे धन आहे, या दोन विचारांची सांगड त्यांनी घातली. कोकणातील कचऱ्याच्या इतिहासात याहून मोठे कार्य दाखवणे कठीण आहे.

सरकारने खेड्यातील केराकडे पाहिले ते रोगराईच्या भीतीतून. १८८९ च्या मुंबई ग्रामस्वच्छता कायद्याने गावातील सार्वजनिक जागा व पाणवठे स्वच्छ राखण्याची चौकट घातली, आणि १ जून १९५९ पासून लागू झालेल्या ग्रामपंचायत अधिनियमाने स्वच्छता हा विषय ग्रामपंचायतीकडे सोपवला. तथापि रस्ता झाडणे आणि विहिरीभोवतीची घाण काढणे एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ राहिला. घरोघरचा केर गोळा करणे हे पंचायतीचे काम आहे असे ना पंचायतीला वाटले, ना घराला. मुंबईत मात्र चित्र अगदी वेगळे होते. तेथे शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी १९०६ मध्ये कुर्ला ते चेंबूर असा स्वतंत्र रेल्वेमार्ग टाकला गेला, ज्यावर प्रवासी १९२४ पासून जाऊ लागले, आणि १९२७ पासून देवनारच्या खाजणात शहराचा कचरा साठू लागला. गिरण्यांत राबणारा रत्नागिरीचा चाकरमानी या दोन्ही व्यवस्था जगत होता: चाळीच्या कोपऱ्यात टाकलेला केर कोणीतरी उचलतो ही शहराची रीत आणि आपला केर आपल्याच आवारात जिरतो ही गावाची रीत. गणपतीला आणि शिमग्याला गावी येताना त्याने कापड, डबे, बाटल्या आणि पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. त्या उचलणारा माणूस गावात नव्हता.

जुनी व्यवस्था मोडली ती एका घावाने नव्हे. १९६० नंतर सुती जाळ्यांची जागा हळूहळू नायलॉनने घेतली. झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून टिकवावे लागणारे सुती जाळे फाटून निकामी झाले की कुजून जाई, पण नायलॉनचे तुकडे वाळूत आणि खाडीच्या चिखलात वर्षानुवर्षे राहू लागले. शेती परवडेनाशी झाली, तरुण माणसे मुंबईला गेली, गुरे विकली गेली आणि गोठा रिकामा झाल्याबरोबर गायरीही बुजली. शेणामातीची जमीन जाऊन फरशी आली, आणि गॅसच्या शेगडीमुळे स्वयंपाकाच्या चुलीची राख उरली नाही, तेव्हा भांडी घासण्याची पावडर पुडीत घालून बाजारातून आणावी लागू लागली. खाडीवर पूल होऊन पावस, पूर्णगड आणि गावखडी हा रस्ता सलग झाला, तशी वेष्टनातील माल गावच्या दुकानापर्यंत पोहोचवण्यातली अडचण राहिली नाही. इंग्लंडमध्येही थोड्याफार फरकाने हेच घडले होते. तेथील कचऱ्याच्या डब्यात एके काळी मुख्यतः कोळशाची राख असे आणि कागद, साली, उष्टे शेगडीतच जळून जाई. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर उघड्या शेगड्या मागे पडल्या, राख घटली आणि डबा वेष्टनांनी व ओल्या कचऱ्याने भरू लागला. तेथील अनेक पालिकांनी आठवड्याची फेरी पंधरवड्यावर नेली तेव्हा दुर्गंधी आणि उंदीर यांवरून लोक इतके नाराज झाले, की २०११ मध्ये केंद्र सरकारला साप्ताहिक फेरी टिकवण्यासाठी २५ कोटी पौंडांचा निधी जाहीर करावा लागला. इंग्लंडातील घराने फेरी कमी झाल्याची तक्रार केली, कारण फेरीवर त्याचा हक्क प्रस्थापित झालेला होता. कोकणातील खेड्याला हा हक्क नव्यानेच मिळू पाहत आहे.

त्या हक्काची कायदेशीर सुरुवात २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी झाली, असे म्हणता येईल, कारण त्यांनी ही जबाबदारी प्रथमच ग्रामपंचायतींपर्यंत नेली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये पिशव्या आणि एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागातील दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांना घनकचऱ्याच्या कामासाठी माणशी ६० रुपये आणि प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधी ठरवण्यात आला. हजार वस्तीच्या गावाला या हिशेबाने ६० हजार रुपये मिळतात. त्यात हातगाडी आणि खतखड्डे होतात, पण वाड्या-वाड्यांतून चढउताराच्या पायवाटांवर पसरलेल्या घरांपर्यंत रोज जाणारे वाहन, त्याचे इंधन आणि चालकाचा पगार भागत नाही. म्हणून अशा गावांत गाडी फिरली तरी ती ठराविक दिवशी आणि मुख्य रस्त्यापुरती फिरते.

अशा वेळी घर जे करते त्यात त्याची जुनी शहाणीव आणि जुनी सवय दोन्ही दिसतात. ओला केर गाडीची वाट पाहत नाही. परसू शिल्लक असलेल्या घरात तो आजही माडाच्या आळ्यात जातो आणि मासळीचे पाणी केळीला घातले जाते. बाटल्या, पत्रा आणि पुठ्ठा गोणपाटात भरून पडवीच्या कोपऱ्यात ठेवले जातात, कारण भंगारवाला त्यांचे वजन करून पैसे देतो. तेलाच्या, चिप्सच्या आणि शांपूच्या पुड्यांना मात्र कोणी गिऱ्हाईक नाही. प्लास्टिक आणि धातूच्या चकचकीत मुलाम्याचे थर एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे त्या वेगळ्या करणे परवडत नाही, आणि भंगारवाला त्या गोणीतून निवडून बाजूला काढून ठेवतो. या पुड्या मग पाणचुलीत जातात. सकाळी ओलसर सोडणे पेट घेत नाहीत तेव्हा त्यांच्याखाली एक पुडी सरकवली, की जाळ लगेच धरतो, आणि न्हाणीभर पसरणारा उग्र काळा धूर पाणी तापवणाऱ्या बाईच्याच छातीत जातो. पावसाळ्यात उघड्यावर काही जळत नाही, म्हणून पुड्या, वापरलेले डायपर आणि फुटक्या बाटल्या व्हाळाच्या, म्हणजे लहान ओढ्याच्या, कडेला टाकल्या जातात. गणपतीत बंद घरे उघडतात आणि पाच-दहा दिवसांत घराघरातला कचरा एरवीच्या कित्येक पट वाढतो, तो नेमका याच भरपावसात. व्हाळाचे पाणी खाडीत येते, मुचकुंदीचा लोंढा ते समुद्रात लोटतो आणि भरती त्यातले बरेचसे किनाऱ्यावर परत आणून टाकते. मुखाच्या दक्षिणेस गावखडीच्या वाळूत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालायला येतात आणि तेथील घरट्यांचे रक्षण वनखाते व गावकरी मिळून करतात. पिल्ले समुद्राकडे निघण्यापूर्वी त्यांच्या वाटेतील जाळ्यांचे तुकडे आणि पिशव्या या रक्षणकर्त्यांनाच हातांनी वेचून काढाव्या लागतात.